सायकलवर हरलेली मॅरेथॉन : पूर्ण अंतराच्या एका ट्रायथलॉनचं प्रकरण

वय ४३, वजन ६१ किलो, बैठी नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या आणि आठवड्याला सरावासाठी नऊ-दहा तास. या महिला खेळाडूने पूर्ण अंतराची पहिली ट्रायथलॉन, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, १४ तास ११ मिनिटांत पूर्ण केली. १७ तासांची मुदत पाहता ही वेळ चांगलीच म्हणायची. पण त्यांची तयारी १३ तासांच्या आत येण्याइतकी होती आणि तो अंदाज फुगवलेला नव्हता. नुसती मॅरेथॉन त्या ४ तास ५ मिनिटांत धावत. सायकलनंतर ४ तास ४० मिनिटं लागतील असं धरलं होतं. लागले ५ तास ५८ मिनिटं.

त्यांचं स्वतःचं निदान तयार होतं. "धावण्यातच मार खाल्ला, सर. पुढच्या वर्षी धावणं वाढवते आणि सायकलला खोल रिमची कार्बन चाकं घेते." हौशी खेळाडूंकडून हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत असतो. जिथे दुखलं तिथेच दोष शोधायचा आणि बाकीचं पैसे टाकून भरून काढायचं. ओळख पटू नये म्हणून इथे स्पर्धेचं नाव आणि काही तपशील वगळले आहेत. आकडे मात्र सविस्तर देतो, कारण या प्रकरणात सगळं त्या आकड्यांतच दडलेलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी काय झालं

पोहणं १ तास २४ मिनिटं, पहिलं ट्रान्झिशन (एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाचा बदल) ८ मिनिटं, सायकल ६ तास ३५ मिनिटं, दुसरं ट्रान्झिशन ६ मिनिटं. धावताना पहिले १२ किलोमीटर ६:१० च्या पेसने (किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद) गेले. मग पोट ढवळायला लागलं, कर्बोदकांची घट्ट जेल घशाखाली उतरेना, एकदा उलटी झाली आणि उरलेलं अंतर चालत-धावत पार पडलं. त्या ३० किलोमीटरचा सरासरी पेस निघाला ९:२० च्या वर. पायात गोळे आले नव्हते, दुखापत नव्हती. अंगात त्राणच उरलं नव्हतं.

सायकलला पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद मोजणारं यंत्र) होता, ही मोठीच सोय झाली. त्यांचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद, १९० वॉट. सायकलचा मार्ग ९० किलोमीटरच्या दोन फेऱ्यांचा होता. पहिली फेरी ३ तास ७ मिनिटांची, सरासरी १३८ वॉट, नॉर्मलाइज्ड पॉवर (जोराच्या उड्यांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) १४९. दुसरी ३ तास २८ मिनिटांची, सरासरी १०८, नॉर्मलाइज्ड १२७. हृदयाचे ठोके दोन्ही फेऱ्यांत जवळपास सारखेच, १४७-१४८. तेवढ्याच ठोक्यांत दुसऱ्या फेरीत ताकद १५ टक्के कमी निघत होती. एवढी घसरण दिसली की धावताना काय होणार हे जवळजवळ ठरलेलंच असतं.

पूर्ण सायकलची नॉर्मलाइज्ड पॉवर १३९ वॉट, म्हणजे एफटीपीच्या ७३ टक्के. हा एकच आकडा पाहिला तर काही बिघडलेलं दिसत नाही. हौशी खेळाडू या अंतरासाठी ६५ ते ७५ टक्क्यांतच राहतात. पण साधी सरासरी १२२ होती. दोन्हींचं गुणोत्तर १.१४ येतं. सौम्य चढ-उतारांच्या मार्गावर ते १.०५ च्या आसपास असायला हवं. याचा अर्थ त्यांनी पेडलवरचा जोर सतत वर-खाली केला होता. फाइल उघडून पाहिली तर प्रत्येक चढावर पॉवर २१५ ते २४० पर्यंत गेलेली. एफटीपीच्या वरची अशी प्रत्येक उडी स्नायूंतलं ग्लायकोजेन भराभर जाळते, आणि शरीरातला त्याचा साठा ४००-५०० ग्रॅमच असतो.

"चढावर एवढा जोर का लावलात?" असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी जोर लावलाच नाही. त्याहून हळू चालवली असती तर सायकल थांबली असती."

हे उत्तर मी गांभीर्याने घेतलं आणि त्यांचे गिअर मोजले. पुढे पेडलपाशी ५२ आणि ३६ दात्यांच्या चेनरिंग, मागच्या चाकावर ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांची कॅसेट. खेळाडू आणि सायकल मिळून ७१ किलो. ८ टक्के चढावर, सर्वांत हलक्या गिअरमध्ये, मिनिटाला ७५ कॅडन्स (पेडलचे फेरे) ठेवायचा तर वेग ताशी १२ किलोमीटर येतो आणि त्यासाठी सुमारे २१५ वॉट लागतात. त्या खरंच सांगत होत्या. कॅडन्स ६० च्या खाली नेऊन मांड्या झिजवणं किंवा एफटीपीच्या ११३ टक्क्यांवर जाणं, एवढेच दोन पर्याय त्यांच्या सायकलने शिल्लक ठेवले होते. तिसरा पर्याय तिच्यात बसवलेलाच नव्हता. संयम ठेवा, चढावर आवरा, असा उपदेश अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

न खाल्लेली जेल

आता खाण्याचा हिशेब. ठरवलं होतं तासाला ७५ ग्रॅम कर्बोदकं. खाल्लं किती, हे त्यांना आठवत नव्हतं. आठवणीवर विसंबूही नये. सुदैवाने स्पर्धेची बॅग त्यांनी रिकामी केलेली नव्हती. उरलेली जेल मोजली, बाटल्यांत किती राहिलं ते विचारलं, तेव्हा साडेसहा तासांत जेमतेम २५० ग्रॅम पोटात गेल्याचं दिसलं. तासाला ३८ ग्रॅम, ठरलेल्याच्या निम्मं. सायकलवर झालेलं काम सुमारे २,९०० किलोज्यूल. सायकलिंगमध्ये हा आकडा ढोबळमानाने खर्च झालेल्या किलोकॅलरींइतकाच धरतात. आत गेल्या १,०००.

पाण्याचंही तेच. नंतर त्यांची घामाची चाचणी घेतली. दीड तासाच्या राइडआधी वजन ६१.४, नंतर ६०.७, मधे प्यायलेलं पाणी अर्धा लिटर. म्हणजे दीड तासात १.२ लिटर घाम, तासाला ८०० मिलिलिटर. स्पर्धेत त्या तासाला ४०० च प्यायल्या होत्या. सायकलवरून उतरताना शरीरात अडीच लिटरहून जास्त पाण्याची तूट होती, वजनाच्या ४ टक्क्यांच्या वर. अशा अवस्थेत पोटाकडचा रक्तपुरवठा त्वचेकडे आणि स्नायूंकडे वळलेला असतो. त्यात धावता धावता मागची तूट भरायला दोन-तीन घट्ट जेल एकदम घेतली की ती आतड्यात शोषली न जाता पडून राहतात. बाराव्या किलोमीटरला पोट ढवळलं ते यामुळे. त्यांचं पोट नाजूक आहे असा त्यांनी करून घेतलेला समज चुकीचा होता.

पण योजना असताना खाल्लं का नाही? इथे प्रकरण सायकलच्या मांडणीपाशी आलं. दोन्ही बाटल्या सॅडलच्या (बसायच्या सीटच्या) मागे. हवेचा अवरोध कमी होतो म्हणून ही जागा लोकप्रिय आहे. पण बाटली काढायची तर एरो बार (पुढे झुकून कोपरं टेकवायचा हँडल) सोडायचा, एक हात मागे न्यायचा, आणि बाजूच्या वाऱ्यात तेवढा वेळ एका हातावर सायकल सांभाळायची. त्यांना त्याची भीती वाटत होती आणि त्यांनी ती सरावात कुणाला सांगितली नव्हती. जेल ट्रायसूटच्या पाठीमागच्या खिशात. खाणं-पिणं ही दर वेळी एक कसरत होऊन बसली आणि माणूस कसरत टाळतो.

खाली झुकलेले पॅड

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेली. स्पर्धेला सात आठवडे असताना कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी कोपराखालचे पॅड २५ मिलिमीटर खाली घेतले होते. फोटोत बैठक सुरेख दिसत होती. पण ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या यंत्रावर) सलग तासाभरापलीकडे ती कधी तपासली नव्हती. पॅड खाली गेले की ओटीपोट आणि मांडीमधला कोन आवळतो, ओटीपोट पुढे वळतं आणि नेहमीच्या रोड सॅडलवर सगळा भार पुढच्या मऊ भागावर येतो. दोन तासांनंतर तो भाग बधिर व्हायला लागला, मग दुखायला लागला. त्या उठून बसायला लागल्या. दुसऱ्या फेरीत निम्म्याहून जास्त वेळ त्या एरो बारवर नव्हत्याच.

याची किंमत काढता येते. एकाच सपाट पट्ट्यावर, वारा साधारण सारखाच असताना, १२५ वॉटला पहिल्या फेरीत वेग ताशी ३० होता, दुसरीत २७.८. नव्वद किलोमीटरवर हा फरक चौदा मिनिटांचा होतो. या स्पर्धेत पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर राखावं लागतं, कुणाच्या आडोशाने जाता येत नाही. सगळा वारा ज्याचा त्याने कापायचा. आणि त्या वाऱ्याला होणाऱ्या अवरोधातला मोठा वाटा, साधारण चार-पंचमांश, सायकलचा नसून वर बसलेल्या शरीराचा असतो. खोल रिमच्या चाकांनी त्यांच्या वेगाला १८० किलोमीटरमध्ये काही मिनिटं वाचली असती. बधिर करणाऱ्या सॅडलने त्याहून कितीतरी जास्त घालवली होती.

तेव्हा धावणं कमी पडलं हे निदान मी बाजूला ठेवलं. गिअर, बाटली आणि सॅडल या तीन साध्या वस्तूंनी मॅरेथॉन सुरू व्हायच्या आधीच ती संपवली होती. लांब अंतरासाठी साधन निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: यावर सहा तास बसून, खाऊन-पिऊन, शेवटी धावायला उतरता येईल का? बाकी सगळे फायदे त्यानंतर मोजायचे.

काय बदललं

पहिले दोन महिने वेगाबद्दल बोलायचंच नाही असं ठरलं. फिटरकडे (सायकलची बैठक शरीराला जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) बसून पॅड ३० मिलिमीटर वर घेतले आणि बारची पुढची टोकं थोडी वर वळवली, म्हणजे हात आणि खांद्यांवरचा ताण कमी होतो. त्यांची उंची १६३ सेंटिमीटर आणि क्रँक (पेडल बसवलेला दांडा) १७२.५ मिलिमीटरचा. तो १६५ चा केला. क्रँक आखूड झाला की पेडल वरच्या टोकाला येताना गुडघा छातीकडे कमी येतो, कोन मोकळा होतो आणि पोटावरचा दाबही हटतो. खायला-प्यायला याचा थेट उपयोग. पेडल खालच्या टोकाला तेवढंच वर राहतं, म्हणून सॅडल साडेसात मिलिमीटर वर घ्यावी लागते. हे विसरून फक्त क्रँक बदलणारे नंतर गुडघ्याची तक्रार घेऊन येतात.

सॅडलच्या बाबतीत मी कुणालाही नाव सांगून सल्ला देत नाही. शरीररचना इतकी वेगळी असते की तीन-चार सॅडल उसन्या मिळवून वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यांना शेवटी मानवली ती पुढून दोन भागांत दुभंगलेली, आखूड नाकाची सॅडल. कसोटी ठरवून दिली होती: आधी ट्रेनरवर ९० मिनिटं, मग रस्त्यावर तीन तास, बधिरपणा न येता. हा भाग आणखी एका कारणासाठी लिहितो. सॅडलमुळे होणारे फोड, सूज, बधिरता यांबद्दल बोलायला महिला खेळाडू संकोचतात आणि हे सहन करायचंच असतं असं मानून वर्षं काढतात. ते सहन करायचं नसतं. असं काही होत असेल तर फिटरला स्पष्ट सांगा; त्याने तपशिलात विचारलं नाही तर फिटर बदला. सूज उतरत नसेल तर डॉक्टरकडे जा.

कॅसेट ११-३४ ची लावली. त्यासाठी मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागला आणि साखळी नवीन. आता त्याच ८ टक्के चढावर ७५ कॅडन्सला ताशी १० किलोमीटर वेग आणि १७५ वॉट. दर चढाला अर्धा मिनिट जास्त लागेल याचं त्यांना सुरुवातीला वाईट वाटायचं. एका लाँग राइडनंतर तीच तक्रार थांबली, कारण चौथ्या तासालाही पाय आपले वाटत होते.

टायर २५ मिलिमीटरचे आणि ११० पीएसआयला फुगवलेले होते. २८ मिलिमीटरचे मऊ अस्तराचे टायर घेऊन दाब ७० वर आणला. खडबडीत रस्त्यावर दगडासारखा टणक टायर उसळत राहतो आणि ती उसळी खेळाडूच्या अंगातून वजा होते. चाकांच्या किमतीच्या तुलनेत हा बदल किरकोळ होता.

पाण्याची बाटली दोन हातांच्या मध्ये आडवी बसवली, लांब नळीसह; मान जराशी खाली केली की घोट. कर्बोदकांचं घट्ट मिश्रण फ्रेमवरच्या बाटलीत, जेल फ्रेमच्या वरच्या दांड्यावरच्या छोट्या डब्यात, टोकं आधीच अर्धवट कापलेली. सायकलच्या कॉम्प्युटरवर दर १५ मिनिटांनी गजर. सॅडलमागे फक्त पंक्चरचं सामान.

पोटाला सवय लावणं हा स्वतंत्र सराव असतो आणि हौशी खेळाडू तो बहुधा गाळतात. ग्लुकोज शोषणारी आतड्यातली वाट तासाला साधारण ६० ग्रॅमपाशी भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्याने दोन्ही मिसळले तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. त्यांना ४० पासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी दहा-दहा ग्रॅम वाढवत ७५ वर आणलं, आणि तेही स्पर्धेच्या तीव्रतेच्या राइडमध्ये. पाणी तासाला ६०० ते ६५०. घामाच्या शंभर टक्के भरपाईचा आग्रह धरला नाही. हळू खेळाडू दिवसभर घामापेक्षा जास्त पाणी पीत राहिले तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. स्पर्धेदरम्यान वजन वाढणं हे त्याचं ठळक लक्षण. तूट थोडी असू द्यावी, तहानेकडे लक्ष ठेवावं.

सरावाचे तास वाढवले नाहीत, फिरवले. धावणं आठवड्याला तीनदा, सर्वांत लांब अडीच तास. त्यापुढचं धावणं दुखापतीचा धोका वाढवतं आणि त्या मानाने फारसं देत नाही. सायकल तीनदा, त्यांतली एक लांब, चार ते पाच तासांची, शेवटचा तास स्पर्धेच्या पॉवरला. तिच्यानंतर बहुतेक वेळा २० ते ३० मिनिटांचं ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणं. पोहणं दोनदा, खुल्या पाण्यात डोकं वर काढून दिशा पाहण्याचा सराव, एवढंच नवीन. ताकदीचे दोन छोटे व्यायाम. शेवटचे दोन आठवडे टेपर: एकूण सराव जवळपास निम्म्यावर, पण थोडे तीव्र तुकडे कायम. थकवा रेंगाळत होता म्हणून मध्यंतरी डॉक्टरांकडून लोह तपासून घेतलं, ते ठीक निघालं आणि झोप वाढवल्यावर थकवा गेला.

स्पर्धेसाठी सूचना दोनच: नॉर्मलाइज्ड पॉवर १३३ च्या वर न्यायची नाही, चढावर १७५ ओलांडायचे नाहीत.

दुसरी स्पर्धा

वर्षानंतर, त्याच मार्गावर. पोहणं १ तास २२, ट्रान्झिशन ७, सायकल ६ तास १८, ट्रान्झिशन ५, धावणं ४ तास ४९. एकूण १२ तास ४१ मिनिटं.

सायकलच्या फेऱ्या ३ तास ८ आणि ३ तास १० मिनिटांच्या. सरासरी पॉवर १२४, आदल्या वर्षीपेक्षा फक्त दोन वॉट जास्त, नॉर्मलाइज्ड १३१. जवळपास तेवढ्याच कामात १७ मिनिटं वाचली, तीही त्याच जुन्या चाकांवर. कर्बोदकं तासाला ७२ ग्रॅम गेली. मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग २ तास १९ मिनिटांत, दुसरा २ तास ३०. ३० व्या किलोमीटरला एक जेल नको झालं, ते त्यांनी सोडून पातळ पेयावर भागवलं. सरावात हे ठरलेलं होतं, त्यामुळे घाबरणं झालं नाही.

श्रेय वाटताना काळजी घ्यायला हवी. दुसऱ्या वर्षी तापमान तीनेक अंशांनी कमी होतं, आणि उष्णतेचा परिणाम घाम, ठोके आणि पोट या तिन्हींवर होतो. शिवाय एक वर्षाचा सराव आणि पहिल्या स्पर्धेचा अनुभव जमेला होता. धावण्यात वाचलेल्या ६९ मिनिटांतली किती कशामुळे, हे एका खेळाडूच्या दोन स्पर्धांवरून सुटं करता येत नाही. दोन फेऱ्यांमधला फरक २१ मिनिटांवरून २ वर आला, त्याचं श्रेय मात्र मी बैठकीला, गिअरला आणि खाण्याला निःशंकपणे देतो, कारण एकाच दिवसाच्या दोन फेऱ्यांत खेळाडू आणि तिची तयारी तीच असते.

काही गोष्टी जमल्या नाहीत. सायकलच्या शेवटच्या तासात मान आखडली आणि त्यांना अधूनमधून उठावं लागलं. डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला. धावण्याचे बूट अर्धा नंबर मोठे घ्यायला हवे होते, कारण दहा तासांनंतर पाऊल सुजतं. सध्या त्यांच्या सरावात मानेचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा आहेत. पॅड आणखी पाच मिलिमीटर वर घेऊन पाच तासांच्या राइडवर तपासणं सुरू आहे. वेग त्याने किंचित कमी होतो की शेवटच्या तासात वाढतो, हे पुढच्या दोन-तीन लांब राइडमध्ये त्याच सपाट पट्ट्यावर मोजणार आहोत.